सरांशी असहमत व्हायचं कसं?

गौरवग्रंथासाठी लेख द्या, असं समितीनं सांगितलं तेव्हापासून माझं डोकं चालेनासं झालं आहे. प्रा. मधुकर पाझारे सर पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत, त्यांच्याविषयी चार चांगले शब्द लिहायचे, इथवर ठीक. पण खुद्द सरांनीच बजावलं आहे, "माही आरती ओवाळू नका. कोणीतरी मले चूक म्हणा." आता गौरव करायचा की भांडायचं, तुम्हीच सांगा!

सरांची पहिली भेट वणीतल्या एका लग्नात झाली. मी राजूरच्या शाळेत शिक्षिका, सर वणीच्या महाविद्यालयातून जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. पंगतीत शेजारी बसले आणि वरणभात कालवता कालवता म्हणाले, "तुमच्या मोबाइलात फोटो चांगले निघते न?" मला वाटलं, विमा विकतात की काय. मागून कुणीतरी कुजबुजलं, "सर नगरसेवकासाठी उभे राहून राह्यले वाटते." जेवण आटोपेपर्यंत सरांनी समजावलं ते असं : इंटरनेटवर निसर्गनोंदींचं एक व्यासपीठ आहे, त्यावर त्यांनी आपल्या वणी परिसराचा प्रकल्प उघडला आहे. निर्गुडा नदीच्या काठापासून कोळशाच्या खाणीपर्यंत जे जिवंत दिसेल त्याचा फोटो टाकायचा. एकानं सांगितलेलं नाव दुसऱ्यांना पटलं तर त्यांनी 'सहमत' म्हणायचं, म्हणजे नोंद पक्की होते आणि अभ्यासकांच्या कामी येते. मला निम्मंच कळलं. तरी हात धुवायच्या आत मी सभासद झाले होते.

सर असेच माणसं गोळा करत. बारसं म्हणू नका, एसटी स्टँड म्हणू नका. गजाननभाऊंच्या मोबाइलच्या दुकानात तर रिचार्जला आलेला माणूस सभासद होऊनच बाहेर पडे. मग व्हायचं तेच झालं. कुणी नवरदेवाचा फोटो टाकला, कुणी पोळ्याला सजवलेला बैल. एका आजींनी आपली शेळी टाकली आणि नाव लिहिलं, 'चंपी'. सरांच्या जागी मी असते तर तिथल्या तिथे फटकारलं असतं! सरांनी खाली लिहिलं, "पाळीव आहे, म्हणून जंगली जिवांत धरता येत नाही. पण देखणी आहे." आजी खूश. पुढच्या आठवड्यात त्यांनी गोठ्यातल्या पिंगळ्याचा फोटो टाकला, आणि आमच्या प्रकल्पाला पहिलं घुबड मिळालं.

खरी पंचाईत वेगळीच होती. सरांनी एखाद्या फोटोला नाव दिलं रे दिलं, की आम्ही सगळे धडाधड 'सहमत'. फोटो उघडून बघायची तसदी कोण घेतो? सरांनी सांगितलं ना, झालं! सर वैतागत. "अरे, हे पाया पडणं आहे काय? माही नजर अधू झाली. मी चुकलो तं चूकच पक्की होईन, अन् माह्यामागं तशीच राह्यीन. मले खोडणारा माणूस भेटला की प्रकल्प त्याच्या हवाली करतो." आम्ही माना डोलावल्या. त्यालाही सहमत.

यंदा उन्हाळा सरता सरता आमच्या अंगणातल्या कडुनिंबावर पावशा ओरडत होता. 'पेरते व्हा, पेरते व्हा' हा आवाज आमच्याकडे लहान लेकरूही ओळखतं. मी पाठमोरा फोटो काढला आणि 'पावशा' लिहून टाकला. संध्याकाळी सरांनी लिहिलं, 'शिक्रा'. शिक्रा हा शिकारी पक्षी, पण मागून दोघं सारखेच : राखाडी पाठ, शेपटीवर पट्टे. आणि मी काय करावं? स्वतःच्या कानांनी ऐकलेला पावशा खोडला आणि सरांशी सहमत झाले! माझ्यामागे सगळी वणी. शिक्रा पक्का झाला.

तेव्हापासून मला काही सुचेना. सांगितलं तर सरांना वाईट वाटेल की न सांगितलं तर? पंचाहत्तरीच्या तोंडावर चूक दाखवणं हा मान की अपमान? नवऱ्याला विचारलं, तर म्हणे, "मले कायले विचारतं? मी पाह्यला काय तो पक्षी?" शेवटी हा लेख अर्धा टाकून मी मोबाइल उघडला आणि लिहिलं, "सर, मला हे पटत नाही. हा पावशा आहे. मी ओरडताना ऐकला."

लगेच गजाननभाऊंचा फोन. "मॅडम, हे काय करून राह्यल्या? आता आमी कोणाशी सहमत व्हावं?" तो ठेवते न ठेवते तोच सरांचा.

"काहून वं, आवाज तवाच ऐकला होता न?"

"हो, सर."

"मंग एवढे दिवस कायची वाट पाहत होती?"

मग सरच म्हणाले, "बरं केलं बाई. लय वाट पाह्यली मी." मी गजाननभाऊंचा प्रश्न विचारला. "त्याले म्हणा, पहिले पक्षी पाह्य," सर म्हणाले आणि फोन ठेवला.

थोड्या वेळानं पाहिलं, तर शिक्रा गेला होता आणि माझ्या पावशाखाली सरांनी लिहिलं होतं, 'सहमत'. प्रकल्पाच्या व्यवस्थापकांमध्ये सरांच्या जोडीला माझं नाव होतं. मला रडू आवरलं नाही.

प्रकल्प कसा चालवतात, हे मला अजून धड कळलेलं नाही. विचारायला सर हवेत, पुष्कळ वर्षं हवेत. त्यांचे पाय चालते राहोत, पंगतीत शेजारी बसणाऱ्याची धडगत नसो. त्यांनी नावं द्यावीत, आम्ही ती तपासावीत, आणि हे चालत राहावं इतकं लांब, निरोगी आयुष्य त्यांना मिळो. या एका गोष्टीशी मात्र सगळ्यांनी डोळे मिटून सहमत व्हावं.