विचारून घातलेला साकव

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितली नाही. ती गेली तेव्हा, खोटं कशाला बोलू, थोडं सुटल्यासारखंही वाटलं, की आता सांगायला कोणी उरलं नाही. नातू गावाबद्दल विचारायचा, तेव्हा मी त्याला सावित्रीचे पूर सांगायचो, आंबेनळी घाटातलं धुकं सांगायचो आणि गोष्ट वहाळापाशी आली की चष्मा पुसत बसायचो. आता चष्म्यानेही नीट दिसत नाही. लिहायचं तर आत्ताच.

महाडहून पोलादपूरकडे जाताना, डोंगर सपाटीला टेकतो तिथे आमचं गाव. गावाच्या वर, ओढ्यापलीकडे एक वाडी. ओढ्याला आम्ही वहाळ म्हणतो. उन्हाळ्यात पोरं त्यातून चप्पल न भिजवता जायची. पाऊस लागला की दिवाळीच्या तोंडापर्यंत त्यात पाय घालायची कोणाची छाती नव्हती. वाडीची घरं पलीकडे होती आणि वाडीतले लोक कसत ती भातखाचरं अलीकडे, आमच्या घराखाली. खाचरं आमच्या मालकीची, कसणारी कुळं ती. म्हणून पावसाआधी वाडीतले लोक वहाळावर साकव घालायचे. दोन लांब ओंडके, वर आडवे बांबू, सगळं वेलींनी आवळलेलं. जागा एकच होती. वरच्या अंगाला वहाळ खोल घळीतून यायचा, खालच्या अंगाला पसरायचा. मध्ये एका ठिकाणी दोन्ही काठांचे कातळ जवळ आलेले. अलीकडचा कातळ आमच्या आमराईत होता.

पुढे मी महाडच्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवला. माणूस कुठे राहतो त्यावर तो काय खातो, कोणाशी सोयरीक करतो, कोणापुढे वाकतो हे ठरतं, असं मुलांना सांगायचो. फळ्यावर नदी काढायचो, डोंगर काढायचो. वाट कोणाच्या जमिनीतून जाते ते कधी काढलं नाही.

साकव घालण्याआधी वाडीतला एक म्हातारा आमच्या पायरीवर नारळ ठेवायचा. उंच, काटक माणूस. ओंडके तोच निवडायचा, गाठी तोच मारायचा. मी त्याला काका म्हणायचो.

"मालक, साकव घालू काय यंदाचा?"

"घाल की रे," माझे आजोबा ओटीवरून म्हणायचे. "विचारतोस कसलं? मी काय वहाळ पिऊन टाकलाय?"

"इचारावं लागतं मालक. तुमचा काठ हाय."

मग नारळ तिथेच फुटायचा आणि खोबरं आम्हा पोरांना मिळायचं. कोणी नको म्हटलं, असं कधी घडलं नव्हतं. विचारणं ही फक्त रीत होती, लग्नघरात पान वाढल्यावर "बसा" म्हणतात तशी.

काकांचा मुलगा माझ्या वयाचा. गावच्या शाळेत आम्ही एका फळीवर बसलो. मी महाडला शिकायला गेलो, तो नांगराला लागला. सुट्टीत भेटला की म्हणायचा, "तुमचं बरं हाय रे. पानी तुमच्या दारात, रस्ता तुमच्या दारात. आमच्या दारात नुसता वारा."

"मग वारा खा."

"खातोच हाय. म्हनून तर तुज्यासारखं पोट सुटलं नाय."

मग कसणाऱ्याची जमीन होणार असा कायदा आला. कचेरीत कुळांची नावं लागायची होती. तोवर आजोबा गेले होते आणि कारभार वडिलांकडे होता. त्या वर्षी काका नारळ घेऊन आले तेव्हा वडील ओटीवरून उठलेसुद्धा नाहीत.

"जमीन तुमची होणार ना आता?" ते म्हणाले. "मग तुमच्या जमिनीवरून या. काठ माझा आहे."

काकांना आधी थट्टा वाटली. ते हसले. वडील हसले नाहीत, तेव्हा त्यांनी नारळ उचलला आणि छातीशी धरून परत नेला.

वाडीने पोलादपूरच्या कचेरीत अर्ज केला. पाऊस जवळ आला होता, म्हणून तिथले एक साहेब जागा बघायला लगेच आले. मीही मॅट्रिकची परीक्षा देऊन घरी होतो. महाडला मी एका वकिलाच्या माडीवर राहायचो. खाली पक्षकारांची बोलणी चालायची, ती कानावर पडायची. त्यातून मला एक गोष्ट कळली होती. कोणी वर्षानुवर्षं एखाद्या वाटेने जात असेल, तर ती त्याची वहिवाट होते आणि मग ती कोणाला अडवता येत नाही. पण जो दर वेळी परवानगी मागून जातो, त्याची वहिवाट होत नाही.

साहेब आमराईत खुर्ची टाकून बसले. वाडीतली माणसं कातळाजवळ उभी. काका म्हणाले, आज्याच्या वेळेपासून इथंच साकव पडतो. वडिलांना खोडून काढता येईना. गावातल्या कोणालाही विचारलं असतं तरी त्याने तेच सांगितलं असतं. साहेब मान हलवत होते. वडिलांचा चेहरा उतरलेला मला दिसला आणि मी पुढे झालो.

"साहेब," मी म्हणालो, "साकव घालण्याआधी ते काय करतात, तेवढं त्यांना विचारा."

काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"नारळ ठेवतो, साहेब. दर सालाला. इचारतो, मालक, घालू काय? न इचारता कसं घालनार? आमी काय चोर हाय?"

"एखाद्या वर्षी न विचारता घातलाय?"

"कदी नाय!" काका अभिमानाने म्हणाले. "कोनालाबी इचारा."

साहेबांनी लिहून घेतलं. तेवढ्यावर सगळं संपलं. जाताना काका माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणाले, "पोरगा शिकला. बरं बोललास रे बाबा." मी त्यांची बाजू मांडली, ते चोर नाहीत हे सगळ्यांसमोर त्यांना सांगायला लावलं, असं त्यांना वाटलं होतं. मी मान खाली घातली. वडिलांनी त्या दिवशी मला आपल्या पंक्तीला बसवलं.

अर्ज नामंजूर झाला, एवढंच वाडीला कळलं; का, ते नाही. त्या पावसात वाडी लांबच्या वळशाने, मोठ्या पुलावरून खाचरांवर आली. भाताची रोपं वाडीकडच्या उतारावर तयार व्हायची. ती डोक्यावरून एवढ्या लांब आणेपर्यंत माना टाकायची. बाया अंधारात निघायच्या, लावणी करून अंधारात परतायच्या, घरी तान्ही पोरं रडत असायची. अर्धी खाचरं पडीक राहिली. पुढच्या वर्षी अर्ध्याहून जास्त. त्याच्या पुढच्या वर्षी कचेरीत नावं पुकारली, तेव्हा वाडीतले लोक एकामागून एक म्हणाले, आम्हाला जमीन नको. स्वखुशीने सोडली, असंच ते धरलं गेलं. कोणी मारलं नव्हतं, धमकावलं नव्हतं. वडिलांना आवाजसुद्धा चढवावा लागला नाही. मधल्या पाण्याने सगळं केलं.

वाडीतले तरुण मुंबईला गेले, मग बायका गेल्या. काका वाडीतच वारले. मी तेव्हा महाडला नोकरीवर होतो. कळलं, पण गेलो नाही.

त्यानंतर शिमग्याला गावी गेलो असताना पोलादपूरच्या स्टँडवर काकांचा मुलगा भेटला. मुंबईच्या गिरणीत होता. गाल बसले होते, बोलण्यात हिंदी आली होती.

"मास्तर झालास म्हनं! चल, चाय मारू. पैसे मी देनार, बोलायचं नाय."

आम्ही बाकावर बसलो. मी ठरवलं, आज सांगायचं. घसा साफ केला. तेवढ्यात तोच म्हणाला, "बाप मरस्तवर तुजं नाव काढायचा रे. म्हनायचा, अख्ख्या गावात तेवढा एकच पोरगा आपल्या बाजूनं बोलला."

माझ्या हातात कप होता. मी म्हणालो, "अजून एक चहा घेऊ?"

"गाडी लागली ना माजी." त्याने पिशवी उचलली. "वाडीला काय जात नाय आता. कोन हाय तिथं? देवाला हात जोडायचा आनि परत." खिडकीतून त्याने हात हलवला, मीही हलवला. तो पुन्हा भेटला नाही. मुंबईतच गेला, असं खूप उशिरा कानावर आलं.

त्या बाकावर मला त्याला एवढंच सांगायचं होतं: तुझा बाप काय उत्तर देईल ते मला माहीत होतं, म्हणूनच मी तो प्रश्न विचारायला लावला. मी तुमच्या बाजूने बोललो नव्हतो रे. मला माफ कर.