ओटीपी आला नाही

ज्या गावात मी जन्मले, शिकले, जिथल्या रिक्षावाल्यांशी भांडून भांडून माझी जीभ तयार झाली, त्या हैदराबादेत मला साधं सिमकार्ड मिळेना. कारण काय, तर मी परदेशी! लग्नानंतर कॅनडात गेले, पुढे पासपोर्टही तिथलाच झाला. गौलीगुड्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी मोबाइलचं दुकान आहे. तिथल्या माणसाने माझा पासपोर्ट उलटासुलटा करून पाहिला आणि परत दिला.

"फॉरेनर का काम नक्को मॅडम, बहुत झंझट है."

मी म्हटलं, अहो, मी इथलीच आहे, मागच्या गल्लीत माझं माहेर आहे.

"वो तो मालूम. आप हमारे जैसाच बोलते. मगर पासपोर्ट नै ना बोलता वैसा."

पाय आपटत घरी आले.

मला तो नंबर का हवा होता, ते आधी सांगून टाकते. बाबा गेल्यापासून आई एकटीच राहते. ऐंशी कधीच ओलांडली. आयुष्यभर मराठी शाळेत गणित शिकवलं, अजूनही ताठ चालते, कानाने तिखट. पण थंडीत एकदा तिने गॅसचं बटण फिरवलं, पेटवायला विसरली आणि गॅलरीत जाऊन बसली. वरच्या मजल्यावरच्या काकूंना वास आला म्हणून निभावलं. त्यानंतर एकदा कुकर जळाला. काकूंनी मला तिकडे फोन करून सांगितलं. रजा काढली, विमान पकडलं.

शहराबाहेर म्हाताऱ्या माणसांना ठेवतात अशी एक जागा मी शोधून काढली होती. स्वच्छ खोल्या, पुढे बाग, रात्री नर्स. तिथल्या बाई अतिशय गोड बोलायच्या. खोली रिकामी होती, पण ती पक्की करायला पालक म्हणून माझा इथला नंबर पाहिजे होता. त्यावर मेसेज येणार, मी तो सांगितला की खोली आमची. परदेशी नंबर त्यांचा कॉम्प्युटर घेत नव्हता आणि आईचाच नंबर आईच्या पालकाचा म्हणून चालत नव्हता. हे सगळं मी पहिल्याच दिवशी काकूंच्या मोबाइलवरून बोलून घेतलं, कारण आईला यातलं काही सांगितलं नव्हतं. आधी सगळं पक्कं करायचं आणि मग सांगायचं, असं मी ठरवलं होतं. सांगून विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती, हे मला ठाऊक होतं.

तोवर माझे हाल काय विचारता! घरात इंटरनेट नाही. माझा तिकडचा फोन नुसता घड्याळ बघायच्या कामाचा. गाडी बोलवायची तर नंबर पाहिजे, भाजीवाल्याला पैसे द्यायचे तर तो कागदावरचा चौकोन पुढे करतो, सुटे नाही म्हणतो. आईचा बटणांचा फोन तिच्या कनवटीच्या पिशवीत, तो काढून मागायचा म्हणजे कुणाला करतेस, काय बोललीस, सगळा जबाब द्यायचा. बाहेर निघाले की दारात प्रश्न. कुठे चाललीस? कधी येशील? तुझ्याजवळ फोन नाही, मी जिवाला घोर लावून बसू का? पन्नाशी उलटलेली बाई मी, नातवंडं व्हायची वेळ आली, आणि दिवेलागणीच्या आत घरात! दोन खोल्यांमध्ये मी येरझारा घालायची आणि आई जेवायला वाढायची. त्यात मी बिनदुधाचा चहा पिते यावरून रोज सकाळी एक फैर. "दुधाला शिवायचं नाही म्हणजे काय गं? आजारी माणसाचा चहा तो. आणि चेहरा बघ तुझा." मला तिथे श्वास घेता येईना, खरं सांगते.

शेवटी अफझलगंजात एक दुकानदार सापडला. वयस्कर, शांत, चष्मा कपाळावर चढवलेला. त्याने पासपोर्ट, व्हिसा, सगळं पाहिलं, माझा फोटो काढला आणि म्हणाला, "सब बराबर है. बस, लोकल रेफरन्स होना."

म्हणजे मी कोण हे माहीत असलेला इथला माणूस. त्याच्या फोनवर ओटीपी येणार, तो त्याने सांगायचा, की माझी लाइन सुरू. इतकं सोपं! मी वरच्या काकूंना विचारलं. काकू दोन पावलं मागेच सरल्या. "ओटीपी? नको गं बाई. बाकी काही माग." दुकानदाराच्या स्वतःच्या नंबरवर आधीच इतके परदेशी लोक झाले होते की आणखी एक बसेना. राहिली कोण? आई.

दुपारी दुकानात बसून त्याने आईच्या नंबरवर ओटीपी पाठवला. त्याच्याच फोनवरून मी घरी फोन लावला.

"आई, तुला एक मेसेज आला असेल. त्यातला आकडा सांग."

पलीकडून बटणं दाबल्याचा आवाज आला. मग, "नाही बाई आला."

"नीट बघ ना."

"बघितलं. काही नाही."

पुन्हा पाठवला. पुन्हा तेच. दुकानदार म्हणाला, नेटवर्क असेल, उद्या या. घरी येऊन मी आईच्या फोनात डोकावले तर मेसेजचा डबा कोरडा ठाक. म्हटलं, असेल नेटवर्क.

दुसऱ्या दिवशीही तेच. मी फोनवर चिडले, आई शांत. "अगं, न आलेला आकडा मी कुठून सांगू? मनाने सांगू का?" दुकानदाराने मला थंड पाणी दिलं. मी म्हटलं, आईचा फोनच घेऊन येते. तर घरी आई म्हणते, "फोन कसा देऊ? तू गेल्यावर मला काही झालं तर?" ती एकटी असताना काही होईल म्हणून तर मी आले होते.

माझं तिकीट जवळ आलं होतं. खोली धरून ठेवायला त्या बाई तयार नव्हत्या, मागे लोक रांगेत उभे होते. मग मी आईलाच रिक्षात घातलं.

"मला कशाला नेतेस? गुडघा दुखतो."

"तू रेफरन्स आहेस माझी. चल मुकाट्याने."

दुकानदाराने तिला पंख्याखाली स्टूल दिलं, "बैठो अम्मा" म्हणाला. आईने पिशवीतून फोन काढून मांडीवर ठेवला. त्याने बटण दाबलं आणि अगदी लगेच आईच्या मांडीवर टिंग वाजलं. तिघांनीही ऐकलं.

"आया ना अम्मा? बोलो."

आईने फोन डोळ्यांजवळ नेला, वाचला, अंगठ्याने दोनदा काहीतरी दाबलं आणि म्हणाली, "नहीं आया."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी फोन हिसकावूनच घेतला. मेसेज पुसलेला! इतके दिवस मी नेटवर्कला शिव्या घालत होते आणि ही बाई घरी बसून एकेक ओटीपी पुसत होती.

"हे काय चाललंय तुझं, आई? वेड लागलंय का तुला?"

"तूच सांगितलंस," आई म्हणाली. "दर रविवारी फोनवर. कुणालाही ओटीपी सांगायचा नाही. माझ्या आवाजात कुणी मागितला तरी सांगायचा नाही. सांगितला की घर लुटलं जातं. म्हणाली होतीस की नाही?"

"अगं, ते चोरांसाठी! मी तुझी मुलगी आहे."

"माझं घर कोण घेतंय मग?"

दुकानदार काउंटरची काच पुसायला लागला. मराठी त्याला येत नसेल, पण एवढं कळत असणार.

"काकू बोलल्या मला," आई म्हणाली. "तू पहिल्या दिवशी फोन केलास ना वरून? त्याच संध्याकाळी त्या खाली आल्या. म्हणाल्या, ताई, बाग चांगली आहे म्हणे तिथे." तिचा आवाज हलला नाही. "तुझ्या हातात फोन आला की मी तिकडे. म्हणून नाही सांगितला आकडा. दुसरं माझ्या हातात काय होतं?"

मी शरमले आणि त्या शरमेचाही मला राग आला. म्हणाले, "आई, तू विसरतेस. तुला कळत नाही तू किती विसरतेस. त्या दिवशी काकू नसत्या तर? मी तिकडे रात्र रात्र झोपत नाही."

"मी विसरते?" आई म्हणाली. मग शाळेत मुलींना पाढे म्हणून दाखवायची त्या सुरात तिने सुरुवात केली. "पहिला आला तो चार एक नऊ, सात सात दोन. त्याच दुपारी दुसरा, शून्य पाच आठ, तीन एक सहा. दुसऱ्या दिवशीचा सहा सहा दोन, नऊ शून्य चार. आणि आत्ताचा दोन आठ एक, पाच तीन सात. घे. तो अजून जिवंत असेल."

मी तोंड उघडं टाकून उभी. दुकानदाराची बोटं मात्र चालली. आकडे आईने मराठीत सांगितले तरी त्याला समजले. "हो गया," तो हळूच म्हणाला. "शाम तक चालू होता मॅडम."

रिक्षाने घरी निघालो. चौक ओलांडला तेव्हा आईने माझा हात धरला, खड्डा होता म्हणून असेल, पण मग सोडला नाही. मला रडू फुटलं. इतक्या लांबून येऊन मी कुणाला वेडं ठरवायला निघाले होते? मी त्या खोलीवाल्या बाईंना सांगितलं होतं की आईला काही लक्षात राहत नाही. आणि आई मुदत संपलेले आकडेसुद्धा धरून बसली होती.

संध्याकाळी माझ्या फोनवर इथली लाइन उगवली. आनंद काय सांगू! गॅलरीत गेले आणि पहिला फोन लावला तो त्या बाईंनाच. आई बाहेरच्या खोलीत मेथी निवडत बसली होती. मी मुद्दाम आवाज बारीक केला नाही. ऐकू दे तिला.

"मॅडम, माझ्या आईबद्दल मी चुकीचं सांगितलं होतं," मी हिंदीत म्हणाले. "तिला विसरायचा आजार नाही. तिला सगळं लक्षात राहतं. माझ्यापेक्षा जास्त."

"अच्छी बात है," बाई म्हणाल्या. "फिर रूम का क्या करना? आज बताना पडेगा मॅडम, दूसरे लोग बैठे हैं."

मी सांगणार होते. शब्द जिभेवर होते. तेवढ्यात वास आला.

धावत आत गेले. पातेलं काळंठिक्कर पडलं होतं, दूध आटून जळून तळाला चिकटलेलं, शेगडी भणभणत होती आणि ओट्याजवळची फडक्यांची दोरी तापून धुमसायला लागली होती. मी गॅस बंद केला, फडकी ओढून मोरीत टाकली, खिडकी उघडली. फोन तसाच मुठीत.

मागे वळले तर आई स्वयंपाकघराच्या दारात. हातात मेथीची जुडी. ती पातेल्याकडे बघत होती, कुणाचं आहे ते ओळखायचा प्रयत्न करावा तशी.

"मी ठेवलं होतं का गं ते?" तिने विचारलं. दुकानातला तो आवाज कुठे आणि हा कुठे.

"नाही, नाही," मी म्हणाले. "मीच ठेवलं होतं. फोनच्या नादात विसरले."

"हॅलो? मॅडम?" मुठीतून बाईंचा आवाज येत होता. "रूम रखना है या छोडना है?"

आईने ते ऐकलं. तिने मेथी ओट्यावर ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं.

"तू तर दूध घेतच नाहीस," ती म्हणाली.