बर्फातली बाटली

तपासणीसाठी घेतलेलं विहिरीचं पाणी मी पिऊन टाकलं. परवा बावधनात मासेवाल्यानं थर्मोकोलचा डबा उघडला, गार वाफ तोंडावर आली आणि ती दुपार आठवली. घोटावड्याजवळ रसायनांची रिकामी पिंपं धुणारी एक शेड होती आणि तिच्या उताराला एका मावशींची विहीर. त्यांची सून नुकतीच बाळंत झालेली. हे पाणी तिला चालेल का, एवढंच मावशींना कळायला हवं होतं. तोवर त्या लांबच्या हातपंपावरून हंडे वाहत होत्या. मी नमुन्याची बाटली भरून गाडीतल्या तसल्याच डब्यात बर्फात ठेवली आणि साहेबी आवाजात बजावलं, “रिपोर्ट येईपर्यंत थेंबसुद्धा तोंडात घालायचा नाही.” पुढे पिरंगुटच्या गर्दीत गाडी अडकली, घशाला कोरड पडली. डब्यात हात घातला, हाताला लागली ती बाटली गटागटा रिकामी केली. परत ठेवायला गेलो, तर माझी प्यायच्या पाण्याची बाटली, बायकोनं खुणेला लावलेल्या लाल रबरासकट, बर्फात भरलेलीच होती. गाडी परत मावशींकडे वळवली. “मावशी, अजून एक बाटली भरून घेतो.” “मगाचं पानी कुटं गेलं?” “प्यालो.” त्यांनी हंडा खाली ठेवला. रसायनांचा धोका मोजण्यात माझी पुढली सगळी नोकरी गेली, पण त्यांच्याइतकी सोपी पद्धत मला कुणी सांगितली नाही. त्या म्हणाल्या, “मग बाटली कशाला भरताय? आठ दिस हितंच ऱ्हावा, ह्येच पानी पिवा. तुमाला काय झालं न्हाई, तर सुनंला देते.”