जबडीचा पहारेकरी

माझा थोरला भाऊ लोकांवर चिडतो आणि मी त्याच्यावर चिडते, असं आमचं बावीस वर्षं चाललंय. तो सरकारी बागेच्या काचघरात माळी आणि मी त्याच बागेच्या फाटकावर तिकिटं फाडते. त्याने लग्न केलं नाही, राहतो आमच्याकडेच. आमच्या फ्रिजमध्ये लोण्याच्या भांड्याशेजारी त्याची माश्यांची डबी असते. जिवंत माश्या! गारठून नुसत्या सुस्त होतात, मरत नाहीत, असं वर मलाच समजावतो. माझ्या लेकीने त्याला माशीमामा म्हणायला सुरुवात केली आणि आता अख्खी बाग तेच म्हणते.

काचघराच्या एका कोपऱ्यात त्याची किडेखाऊ झाडं आहेत. त्यांची लबाडी सांगताना त्याच्या उत्साहाला ऊत येतो. "घटपर्णी बघ," तो ऐन जेवताना सुरू होतो, "काठाला मध, आत निसरडं, आणि मागच्या बाजूला पातळ पांढरे ठिपके. त्यातून उजेड येतो. माशीला वाटतं दार तिकडेच. धडका मारून मारून दमते आणि पडते खाली पाण्यात. जबरदस्ती कुठेच नाही!" माझा घास घशाखाली उतरत नाही, पण त्याला त्याचं काय?

त्याचा खरा जीव मात्र जबडीवर. दोन पाकळ्यांच्या जबड्यासारखी पानं, आतून लालभडक. आतल्या केसांना पाठोपाठ दोनदा धक्का लागला की पान खटकन मिटतं. पण एक पान आयुष्यात असं मोजक्याच वेळा मिटू शकतं. त्यात माशी सापडली तर ठीक, नाहीतर सगळी मेहनत फुकट. अशा चार-पाच फुकटच्या खेपा झाल्या की पान काळं पडतं.

आणि लोकांना हात आवरत नाहीत. शिकलेसवरलेले लोक, नातवंडं असलेले लोक! दादा ओरडला की सगळ्यांचं उत्तर एकच, "एकदाच हो!" दिवसाला ऐंशी माणसं एकदाच बोट लावतात. अशाने पाच कुंड्यांपैकी चार मेल्या. शेवटी बागेच्या साहेबांनी बजावलं, पाचवी मेली तर कोपरा रिकामा करायचा, तिथे फोटो काढायला रंगीत बाक ठेवायचा आणि दादाने बाहेर हिरवळ कापायची. दादाचे गुडघे कामातून गेलेत. पण गुडघ्यांची काळजी मलाच, त्याला जबडीची.

मग त्याने पाट्या लावल्या. आधी छोटी, मग मोठी, मग लाल. "हात लावू नका." बोटं दुप्पट झाली. तो चौथी पाटी रंगवायला बसला तेव्हा माझं डोकंच फिरलं.

"अरे, पाटी नव्हती तेव्हा निम्मे लोक न बघता पुढे जायचे! आता तिकीट घेतानाच विचारतात, हात लावायचा नाही ते झाड कुठंय? माशीला मध, तशी माणसाला पाटी. इतकी वर्षं लबाड झाडं सांभाळलीस, शिकलास काय?"

 तिसऱ्या दिवशी त्याने दारातच लाजाळूची कुंडी मांडली आणि तिन्ही पाट्या तिच्याभोवती रोवल्या. लाजाळू काय, मिटते आणि थोड्या वेळात उलगडते, तिचं काही बिघडत नाही. जबडी गेली मागच्या फळीवर, पाटीबिटी काही नाही. गर्दी लाजाळूवर तुटून पडली आणि महिन्याभरात जबडीला तीन नवी पानं आली.

एका सकाळी, पाचवीही मेलीच असणार असं धरून, साहेब कोपरा बंद करायचा कागद घेऊनच आले. मी तिकिटाची खिडकी लावून मागोमाग धावले. साहेब पाट्या बघून थबकले, इकडेतिकडे पाहिलं आणि लाजाळूला बोट लावलं. "हेच का ते? छान मिटतंय की! मरतंय कुठे?"

मी दादाच्या पायावर पाय दिला. काही उपयोग झाला नाही.

"साहेब, ती लाजाळू आहे," दादा म्हणाला. खरं बोलायची खाज! मला तर कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं.

"मग ते कुठंय?"

दादाने फळी दाखवली. साहेब वाकले, डोळे चमकले, बोट पुढे आलं. "एकदाच हं."

या शब्दावरून दादाने कुणाकुणाला झापलं नव्हतं! मलासुद्धा सोडलं नव्हतं. आता साहेबांना झापणार आणि सगळं संपणार म्हणून मी डोळे मिटले.

"या पानाला लावा, साहेब," दादाचा आवाज आला. "आतल्या केसाला. दोनदा."

खटकन पान मिटलं. साहेब लहान मुलासारखे हसले. हातातल्या कागदाची घडी खिशात गेली. "राहू दे हा कोपरा," म्हणाले आणि निघून गेले.

"जुनं पान दिलंस ना?" मी विचारलं.

"नवं. कालच उघडलेलं, सगळ्यात लाल." तो मिटलेल्या पानाकडे बघत होता. "जुनं हळू मिटतं. साहेब फसला नसता. बिचारं उपाशीच मिटलं गं."

मला रडू आलं आणि त्याचाही राग आला. मी खिडकीवर परतले. तिकिटं फाडते तोच आतून कुणीतरी म्हणालं, "एकदाच हो!" आणि दादाची आरोळी फाटकापर्यंत ऐकू आली.