चांगल्या मातीवर घर नाही

आमच्या मॅसॅच्युसेट्सच्या या किनाऱ्यावर चांगल्या मातीवर घर बांधणाऱ्याला वेडा म्हणतात. पोर्तुगालच्या बेटांवरून आलेल्या आमच्या आजोबांनी शिस्तच घालून दिली होती: भुसभुशीत माती बटाट्याला, खडकाळ कड माणसाला. माझी शेजारीण दिओलिंदा ब्रूम हिचं घरही म्हणूनच समुद्राला लागून, दगडांवर आहे.

बोस्टनची पैसेवाली मंडळी बंगल्यांसाठी शेतांवर घिरट्या घालायला लागली, तेव्हा तिच्या नवऱ्यानं, आर्टूरनं, जमिनीवरचा बांधकामाचा हक्क सरकारला आणि गावाला विकून टाकला. शेत त्यांचंच राहिलं. नांगरा, विका, काहीही करा, पण घर कुणीही, कधीही बांधायचं नाही. राहत्या घरासाठी नकाशावर एक चौकोन सोडायचा होता. तो शेताच्या मधोमध सोडू का, असं अधिकाऱ्यानं विचारलं, तर आर्टूर हसला.

"बटाट्यांच्या उरावर झोपू होय?" म्हणाला, आणि चौकोन दगडांवर आखून घेतला. सही झाल्यावर दिओलिंदानं सगळ्यांना गोड पाव वाटला. इतकं शहाणपणाचं काम दुसरं नाही, असं तेव्हा मलाही वाटलं होतं.

आता आर्टूर नाही आणि समुद्र चौकोन खातोय. गेल्या हिवाळ्यातल्या वादळात समुद्राकडच्या पायऱ्या गेल्या, मग न्हाणीघराची भिंत कलली. आमच्याकडे अख्खं घर उचलून चाकांवरून मागे नेतात, त्यात नवल काही नाही. पण मागे नेणार कुठे? चौकोनाबाहेर घर नेता येत नाही. पाठीमागे एवढं मोकळं शेत, तिचं स्वतःचं, आणि त्यात तिला हातभर सरकायची सोय नाही. खिडकीतून ती शेताकडे बघत बसायची.

अट बदलायची तर सुरुवात गावसभेपासून. शाळेच्या व्यायामशाळेत सगळा गाव जमतो आणि कार्ड वर करून मत देतो. अडचण दिओलिंदाच्याच तोंडानं करून ठेवलेली होती. उन्हाळ्यापुरता येणारा प्रेस्कॉट नावाचा एक गृहस्थ काही वर्षांपूर्वी याच सभेत आला होता. अशाच अटीतल्या आपल्या कुरणात त्याला पाहुण्यांसाठी घर हवं होतं. तेव्हा ही बाई ताडकन उठली होती. "कायमचं म्हणजे कायमचं. आज एकाला वीतभर दिलीत, तर उद्या अख्खा किनारा मागायला येतील." टाळ्यांचा कडकडाट झाला आणि प्रेस्कॉटचं कुरण तसंच राहिलं.

यंदा ती उठली ती खुर्चीची पाठ धरून. पाद्र्यालाही सुनावणारी बाई, पण आज हळू बोलली.

"मी तेव्हा काय बोलले ते मला आठवतंय," ती म्हणाली. "ते खरंच होतं. तरी मागतेय. मला दुसरीकडे झोप लागत नाही."

सभेचं मन विरघळलं. पुढच्या रांगेत तिची मैत्रीण लुसील पाशेको कार्ड हातात घेऊन तयार बसली होती. आता जमलंच, असं मला वाटलं, आणि तेवढ्यात मागून प्रेस्कॉट उभा राहिला.

दिओलिंदाबाईंना आपला पूर्ण पाठिंबा आहे, माणसाच्या अडचणीपुढे नियमानं वाकायलाच हवं, असं तो फार गोड बोलला. मनापासून बोलला असेलही. पण मेल्याला गप्प बसता आलं नाही! सभेला त्याच्या बोलण्यातून पाहुण्यांचं घर दिसायला लागलं. लुसीलनं कार्ड हळूच मांडीवर पालथं ठेवलं. तिच्याकडे बघून बाकीच्यांनीही ठेवलं. मी हात वर धरून बसलो, पण माझ्या एका हातानं काय होणार? ठराव पडला.

दिओलिंदा अजून त्याच घरात आहे. समुद्राकडच्या खोल्यांना कुलूप लावून स्वयंपाकघरात झोपते. शेतात मात्र यंदाही बटाटा लावलाय, आणि तो चांगला आलाय.

सभेनंतरच्या रविवारी मी तिच्याकडेच होतो, तेव्हा लुसील आली. आमच्याकडे राहायला चल, खोली रिकामी आहे, असं म्हणता म्हणता ती रडायलाच लागली. दिओलिंदानं तिच्यापुढे सूपचा वाडगा सरकवला.

"रडू नकोस गं," ती म्हणाली. "तुझ्या जागी मी असते, तर मीही हात वर केला नसता."