नव्या पाटीचं वय

समजा, तुमच्यासमोर कोरी लाकडी पाटी आहे. तिच्यावर अक्षरं काढायची, पण ती काढल्याकाढल्या तीस वर्षं ऊन खाल्ल्यासारखी दिसायला हवीत. कुठून सुरुवात कराल?

पेंटरकाकांनाही सुचेना. उभा जन्म त्यांनी या गावात पाट्या रंगवण्यात घातला. न्हाव्याची, शिंप्याची, सायकलवाल्याची. कुठल्या अक्षराचा टवका उडाला की कोणी न सांगता शिडी लावून बुजवून यायचे. आता शिंपी गेला, सायकलवालाही गेला. बाहेरच्या पैसेवाल्यांनी घरं घेतली, भाडी आभाळाला टेकली, आणि काका-काकूंनी लेकीच्या गावी जायचं ठरवलं. त्यांच्याच गाळ्यात कॉफीचं दुकान येणार होतं. मालकीण बाहेरची, पण पोरगी गोड. पाटीचं काम तिने काकांनाच दिलं.

"काका, जुनी वाटली पाहिजे हं. अगदी इथलीच."

या गावातलं हे शेवटचं काम. काकांनी जीव ओतून अक्षरं काढली. मग काचपेपर घेतला आणि नुसत्या कडाच घासत बसले. अक्षरांना हात लावायचा धीर होईना.

"अहो, पाटी घासताय की गोंजारताय?" काकूंनी विचारलं.

"कालचं बाळ आहे गं. त्याला सुरकुत्या कुठून आणू?"

"माझ्याकडे बघून आणा. नाहीतर द्या इकडे. भांडी घासण्यातच हयात गेलीय माझी."

बाह्या सरसावून काकूंनी पाटीला असं काही धरलं, की काकांनी तोंड फिरवलं.

पाटी चढली त्याच दिवशी टेम्पोत सामान चढलं. निरोपाला आलेल्या म्हाताऱ्या पोस्टमास्तरांची नजर वर गेली आणि त्यांचा पारा चढला.

"काय रे हे? गाव सोडून चाललास आणि तुझ्या हातची पाटी अशी टवके उडालेली ठेवून? ब्रश फिरवायला तुझा हात झडला होता?"

मालकिणीचा चेहरा खुलला. काका मात्र ओशाळले. त्यांचा हात आपसूक रंगाच्या डब्याकडे गेला, तसं काकूंनी मनगट धरलं.

"खबरदार. तिला टवकेच हवे होते."

टेम्पो निघाला. गल्ली संपेपर्यंत काका मागे वळून बघत होते.

"काय राहिलं आता?"

"राहिलं काही नाही. पण ऊन-पावसानं अक्षरं खरंच जायला लागली, तर त्या पोरीला कळणार कसं?"