भेटायला येणाऱ्यांसाठी नियम

बाईंनी माझ्यासाठीचे नियम वहीच्या एका पानावर लिहिले आणि ते पान स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला अडकवलं. मी बोरी अरबजवळच्या आमच्या तांड्यातून यवतमाळला आले, त्याच दिवशीची ही गोष्ट. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. मी अकरा वर्षांची होते आणि चौथी पास झालेली तांड्यातली पहिली मुलगी, त्यामुळे मला शिंगं फुटली होती.

बाई आधी आमच्याकडच्या शाळेत मास्तरीण होत्या. बदली होऊन यवतमाळला आल्या, बाळ झालं, आणि त्यांनी माझ्या बापाकडे मला मागितलं. मी बाळाला सांभाळायचं, त्यांच्याच घरी राहायचं-जेवायचं आणि सातवीपर्यंत शिकायचं, असं ठरलं. माझी शाळा सकाळची, बाईंची दुपारची. सातवी झाली की मास्तरीण होता येत होतं, आणि मला तेच व्हायचं होतं.

नियम तसे वाईट नव्हते. हातपाय धुतल्याशिवाय बाळाला घ्यायचं नाही. शाळेतून सरळ घरी यायचं. दिवाळीला आणि उन्हाळ्यात तांड्यावर जायचं, मधे नाही. घरच्यांनी रविवारी दुपारी यावं, ओसरीवर बसावं. आणि संध्याकाळी दोन तास माझ्या अभ्यासाचे, तेव्हा मला कुणी हाक मारणार नाही. हा शेवटचा नियम बाईंनी स्वतः इतका पाळला, की बाळ रडलं तर कणकेचा हात तसाच घेऊन उठायच्या, पण मला बोलवायच्या नाहीत. बाईंना मी कधी नावं ठेवली नाहीत, आजही ठेवत नाही.

दोन महिन्यांनी एका रविवारी याडी आली. आमच्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत आईला याडी म्हणतात. आम्ही दोघी त्याच बोलीत बोलायचो. इथं मी ते वऱ्हाडीत लिहिते आहे. आरशांची कांचळी, घागऱ्यासारखा घेरदार फेटिया, कोपरापर्यंत बलिया-बांगड्या, डोक्यावर गाठोडं, अशी ती मोटार स्टँडवरून विचारत विचारत आली. मी ओसरीवर बाळाला थोपटून निजवलं होतं. तिनं गाठोडं टाकलं, मला छातीशी धरलं, आपली ओढणी दोघींच्या डोक्यावरून ओढून घेतली आणि गळा काढला.

आमच्यात बायका खूप दिवसांनी भेटल्या की अशाच भेटतात. गळ्यात पडून सुरात रडायचं, आणि त्या रडण्यातच मधल्या दिवसांचं सारं सांगायचं. याडी रडत रडत सांगत होती, तुझ्या बकरीला दोन पिल्लं झाली, एक काळं, एक पांढऱ्या पायाचं. आजाचा खोकला जात नाही. तुझी वाकळ मी कुणाला पांघरू दिली नाही. तिला लिहिता येत नव्हतं, त्यामुळे माझं पत्र हेच. ओढणीखाली तिच्या घामाचा आणि चुलीच्या धुराचा वास होता, आणि मला वाटत होतं, हे संपूच नये.

ओढणी बाजूला झाली तेव्हा अंगणात अर्धी गल्ली जमली होती. बाळ किंचाळत होतं. शेजारच्या काकूंनी पदर तोंडाला लावून विचारलं, "कोन गेलं वो? केव्हा?" कुणीतरी बाईंच्या यजमानांना न्हाव्याच्या दुकानातून उठवून आणलं होतं, ते एका गालाला साबण घेऊनच धावत आले. कुणी गेलेलं नाही, हे कळल्यावर लोक थोडे नाराजच झाले. मग गल्लीत उठलं, की मास्तरीणबाई लमाणाच्या पोरीला मारतात, म्हणून तिची माय रडत होती. घरमालक म्हणाले, असं पुन्हा झालं तर खोल्या खाली करा.

बाईंनी पानावर एक ओळ वाढवली: भेटायला येणाऱ्यांनी मोठ्यानं रडू नये. मला म्हणाल्या, "तुझ्या आईला वाईट वाटेल असं सांगू नकोस हं. फक्त हळू, एवढंच."

पण मला लाज वाटली होती. शाळेतल्या दोन मुली त्या गर्दीत होत्या. पुढच्या वेळी याडी आली तेव्हा मी तिला फाटकातच गाठलं आणि म्हटलं, "इथं रडू नको. तू रडली तर मले काढून टाकतीन." बाई असं काहीच म्हणाल्या नव्हत्या. ते माझं मी जोडलं.

याडीनं मान हलवली. ओसरीच्या कडेला बसली, गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं. "बरी हायेस?" "हो." "सारं बरं हाये." थोडा वेळ निजलेल्या बाळाकडे बघत बसली आणि उठली. त्यानंतर ती नेहमी तशीच यायची, तशीच जायची. दिवाळीला तांड्यावर गेले तर काक्या माझ्या गळ्यात पडून रडल्या, याडी लांब उभी. मी विचारलं, काहून? तर म्हणाली, "सवय राह्यली तर तिथं तोंडातून निघन. मंग तुले काढतीन."

दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात ती एकदा आली आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ बसली. एका हातानं ओसरीचा खांब धरून होती. मी विचारलं, आजाचा खोकला कसा आहे? म्हणाली, "सारं बरं हाये." दिवाळीला गेले तेव्हा आजाची खाट भिंतीला उभी लावलेली होती. लहानपणी बैलांच्या पाठीवर मिठाच्या गोण्या घेऊन देश फिरलेला माझा आजा श्रावणातच गेला होता. हे न रडता कसं सांगायचं, ते याडीला माहीत नव्हतं. मला कुणावर तरी चिडायचं होतं, आणि माझ्याशिवाय दुसरं कुणी सापडत नव्हतं.

सातवी पास झाले. बाईंनी ते पान खिळ्यावरून काढून माझ्या पुस्तकात घातलं, आणि मी कायमची तांड्यावर निघाले. वाटभर मी ठरवत होते, आता तिच्या गळ्यात पडायचं आणि तीन वर्षांचं सारं सुरात सांगायचं.

याडी झोपडीच्या दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. आत दुसरं कुणी नव्हतं. मी तिची ओढणी ओढून दोघींच्या डोक्यावर घेतली आणि तोंड उघडलं. सूर आला नाही. शब्दही येईनात. शहरातल्या पोरीसारखी मी नुसती हुंदके देत राहिले. वाटलं, आता तरी ती सुरू करील, मी तिच्या मागून जाईन. तिनं तांब्या खाली ठेवला, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि हलक्या आवाजात म्हणाली,

"हळू रड माय, बाळ उठन."